न सांगितलेला आकडा

इलोना अंगठ्याच्या नखानं लॅपटॉपच्या झाकणावरचं स्टिकर खरवडत होती. पिवळ्या बदकाचं स्टिकर होतं ते. बदकाची मान निघाली होती आणि धडाचा चिकट लगदा तिच्या नखाखाली जमला होता. खालच्या मजल्यावरून निरोप आला होता की लॅपटॉप शुक्रवारपर्यंत परत करावा, झाकण साफ करून. आज गुरुवार होता आणि झाकणावर अजून आठ-नऊ स्टिकरं शिल्लक होती.

शेजारच्या टेबलावरून हिनेक बराच वेळ हे बघत होता. एकसष्ट वर्षांचा हिनेक टेस्टिंगचा माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं मोडून दाखवणं हे त्याचं काम, आणि नोकरी नसती तरी त्यानं तेच केलं असतं.

"थोडं पेट्रोल लाव त्याला," तो म्हणाला. "नखं जातील."

"जाऊ देत."

"आत काय आहे ते बघितलंस का?"

"उद्या पुसणारच आहेत ते."

"अगं बाई, म्हणून तर विचारतोय! पुसायच्या आधी बघायचं असतं. नंतर काय बघणार, माझं थोबाड?"

इलोनानं खरवडणं थांबवलं नाही. लॅपटॉप लुबोरचा होता. लुबोर तिचा नवरा, आणि एप्रिलपर्यंत समोरच्या टेबलावरचा तिचा शेजारीही. त्या टेबलावर आता कुणीतरी झाडाची कुंडी आणून ठेवली होती. सप्टेंबर उजाडला होता. ब्र्नोच्या ट्राममध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, जिन्यात भेटणारी माणसं तिला विचारत, कशी आहेस, आणि ती म्हणे, बरी आहे. ते खोटं नव्हतं. सकाळी उठत होती, रोहलीक पावाला लोणी लावून खात होती, सहा नंबरच्या ट्रामनं कामाला येत होती. दात काढताना डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग गालाला हात लावला तरी तो दुसऱ्याचा वाटतो, तसं तिला सगळ्या अंगाचं झालं होतं. आणि तिची काही तक्रार नव्हती.

"उघड," हिनेक म्हणाला. "मी कॉफी आणतो. तू उघड."

लुबोरचा पासवर्ड तिला अकरा वर्षं पाठ होता, तिचा त्याला.

या नवरा-बायकोचं काम घरच्या भाषेत सांगायचं तर असं होतं. यंत्रात एका वेळी शेकडो कामं चालू असतात आणि प्रत्येकाला घाई असते. कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या गाभ्यात ठरतं. त्या गाभ्याला हे लोक कर्नल म्हणतात. प्रोसेसर आधी कुणाला द्यायचा, हे इलोनाच्या कोडमध्ये ठरायचं. डिस्क आधी कुणाला द्यायची, हे लुबोरच्या. दोन खोल्या, मधे एक दार. काहीही बिघडलं की दोघंही त्या दाराकडे बोट दाखवायचे.

"तुझ्या बाजूला आहे," लुबोर म्हणायचा.

"माझ्या बाजूला काही नाही. तुझ्याच आहे."

"लावतेस पैज?"

पैज ठरलेली असायची. चूक ज्याच्या बाजूला निघेल त्यानं रविवारी आलुबुखाराचे क्नेदलीक करायचे. बटाटे उकडून मळलेल्या पिठाच्या गोळ्यात एकेक आख्खं आलुबुखार भरायचं, गोळे पाण्यात उकळायचे आणि वर लोणी, साखर आणि वाटलेली खसखस घालायची. सकाळभराचं काम आणि कंबर धरायची ती वेगळीच. ती पाच खायची, लुबोर चौदा. उरलेले तीन-चार सोमवारी डब्यातून ऑफिसात यायचे. डबा कुणाच्या हातात आहे ते बघूनच सगळ्या मजल्याला कळायचं की या वेळी कोण हरलं. ओस्मोला मात्र ईमेल वाचावी लागायची. ओस्मो तिकडे फिनलंडमध्ये, तांपेरेला बसायचा, आणि या दोघांनी लिहिलेलं शेवटी कर्नलमध्ये घ्यायचं की नाही, हे त्याच्या हातात असायचं.

लॅपटॉप उघडला. मागचा फोटो तोच होता, मोरावियातल्या कुठल्यातरी धरणावर पाठमोरी इलोना. तिनं फोटोकडे बघितलं नाही. कामाच्या फोल्डरमध्ये गेली आणि सगळ्यात शेवटचा पॅच उघडला. कोडमधल्या छोट्या दुरुस्तीला हे लोक पॅच म्हणतात. एप्रिलचा होता. त्या शनिवारचा. जतन केल्याची वेळ दहा एकतीस.

हिनेक दोन कप घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागला.

"डेअरी," तो म्हणाला. "हा डेअरीवर होता."

डेअरी सगळ्या मजल्याला माहीत होती. व्हिसोचिना भागात कुठल्याशा गावी एक दूध डेअरी होती आणि तिथला संगणक सांभाळायच्या झेझुलोवा बाई. रोज दुपारी बारा वाजता त्यांच्या संगणकावर सगळ्या नोंदींची नक्कल निघायला लागायची, आणि नेमका तेव्हाच दुधाच्या टँकरचं वजन घेणारा काटा चाळीस सेकंद गोठायचा. खरं तर काट्याचं काम सगळ्यांत पुढे असायला हवं होतं, आणि प्रोसेसरच्या रांगेत ते होतंही. डिस्कच्या रांगेत मात्र ते नकला काढणाऱ्यांबरोबर मुकाट उभं राहायचं. का, ते दोन वर्षं कुणालाच सापडत नव्हतं. झेझुलोवा बाईंची पत्रं येतच होती. "महाशय, पुन्हा बारा वाजले आणि पुन्हा काटा गोठला. बाहेर सात टँकर हॉर्न वाजवतायत. दूध काही तुमच्यासाठी थांबून राहत नाही. झेझुलोवा." सगळी पत्रं लुबोरच्या नावानं असायची, कारण पहिल्या पत्राला उत्तर त्यानं दिलं होतं.

पॅच फक्त सात ओळींचा होता. वर लुबोरचं नाव, खाली काय केलं आणि का केलं, हे त्याच्या कोरड्या वाक्यांत. इलोनानं तो दोनदा वाचला.

"चूक स्वतःच्याच बाजूला काढलीय त्यानं," ती म्हणाली.

"म्हणजे हरला म्हणायचा."

"तसं दिसतंय."

"मग पाठव की! ओस्मो रविवारपर्यंत घेतोय. नंतर दार बंद, ते नऊ आठवडे."

"सही नाहीये."

हिनेकनं चष्मा कपाळावरून खाली आणला. खरंच, शेवटची ओळ नव्हती. या लोकांत एक रीत आहे आणि ती ते चर्चच्या रीतीपेक्षाही कडक पाळतात. प्रत्येक पॅचच्या तळाशी लिहिणाऱ्यानं स्वतःच्या नावानं एक ओळ घालायची: हे मी लिहिलंय, आणि ते द्यायचा मला हक्क आहे. ही ओळ दुसऱ्यानं घालायची नाही. बायकोनं नाही, साहेबानं नाही. ओळ नाही तर पॅच नाही, मग तो कितीही सोन्यासारखा असो. आणि मेलेल्या माणसाला सही करता येत नाही.

"त्याच्याच मशिनवर बसलीयेस," हिनेक हळूच म्हणाला. "कमांडच्या शेवटी एक अक्षर जास्त दाबायचं, की यंत्र त्याच्या नावानं सही टाकतं. तारीख एप्रिलची लाव. कोण विचारणारेय?"

"तू सांगतोयस हे? तू?"

"मी काहीच सांगत नाहीये. मी कॉफी पितोय."

इलोनाला पाच महिन्यांत काहीच हवंसं वाटलं नव्हतं. थडग्यावर दगड कुठला बसवायचा हे सासूनं विचारलं होतं, तिनं सांगितलं होतं, तुम्हाला आवडेल तो. उन्हाळ्यात बहिणीनं समुद्रावर नेलं होतं, ती गेली होती आणि परत आली होती. आता मात्र तिला हे हवं होतं. या सात ओळी लुबोरच्या नावानं आत जायला हव्या होत्या. एकोणीस वर्षं त्याचं नाव कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीच्या यादीत होतं. उन्हाळ्यात आलेल्या यादीत ते पहिल्यांदा नव्हतं, आणि ती यादी तिनं ट्राममध्ये उभ्यानं वाचली होती. शेवटचं एकदा ते नाव तिथे असावं, एवढंच. उद्या यंत्र पुसलं जाईल आणि मग या ओळी लिहिल्या होत्या हेसुद्धा कुणाला कळणार नाही.

तिनं कमांड टाइप केली. शेवटी ते एक अक्षर घातलं. सही आली, त्याच्या नावानं, अगदी त्यानंच केल्यासारखी.  

"आधी टेस्ट तरी कर," ती हिनेकला म्हणाली. "न तपासता त्याचं नाव घालणार नाही मी."

"चाळीस मिनिटं लागतील. जेवायला चल."

कँटीनमध्ये तळलेलं चीज होतं. ती समोर बसून बटाटे काट्यानं कुस्करत राहिली. हिनेक आपल्या सुनेबद्दल काहीबाही सांगत होता, आणि इलोना मधून मधून "हो का" म्हणत होती. तिच्या डोक्यात दहा एकतीस फिरत होते.

त्या शनिवारी ती स्वयंपाकघरात टेबलाशी ईमेल वाचत बसली होती. लुबोर आतल्या छोट्या खोलीत काम करत होता. अकराला दहाएक मिनिटं असतील. तो दाराशी आला आणि चौकटीला खांदा टेकून उभा राहिला. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "पाच मिनिटं." तो म्हणाला, "बरं." आणि गेला. सव्वाअकराला ती चहा विचारायला गेली तेव्हा तो खुर्चीखाली पडला होता. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदयाचं असं होतं, पंधरा मिनिटं इकडे-तिकडे झाली असती तरी फार फरक पडला नसता. फार, हा शब्द त्यांनी वापरला होता. त्या पाच मिनिटांबद्दल इलोनानं कुणालाच सांगितलं नव्हतं, ना सासूला, ना बहिणीला. तो दुखतंय हे सांगायला आला होता आणि तिनं मान वर केली नाही. त्यानंही सांगितलं नाही. एवढ्यात सगळं आलं होतं आणि त्यापुढे तिला कधी जाता आलं नव्हतं.

"तू खात नाहीयेस," हिनेक म्हणाला.

"खातेय."

वर आले तेव्हा हिनेकच्या पडद्यावर तीनशे बारा हिरव्या खुणा असायला हव्या होत्या. तीनशे अकरा होत्या. दोनशे सात नंबरची लाल होती.

हिनेक खाली बसला. लाल खूण दिसली की एरवी त्याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. आज तो नुसताच कीबोर्डकडे बघत राहिला.

"एकच आहे," इलोना म्हणाली.

"एकच आहे."

"डेअरीचं काम झालंय ना?"

"डेअरीचं झालंय. काटा आता पुढे जातोय. पण ज्यानं स्वतः होऊन डिस्कच्या रांगेत मधली जागा मागितली होती, त्यालाही तुझ्या नवऱ्यानं पुढे ढकललंय. ज्यानं मधलं मागितलं तो आणि ज्याला कुणी मधला करून ठेवलं तो, यांतला फरकच याला दिसत नाहीये." त्यानं मान वर केली. "इलोना, लाल घेऊन लुबोर कधी माझ्यासमोर आलाय? कधीच नाही. त्याला माहीत होतं हे. म्हणून सही केली नव्हती त्यानं."

ती मग लुबोरच्या लॅपटॉपशी गेली आणि सही असलेला पॅच पुसून टाकला. त्याला एक सेकंदही लागला नाही.

आता फक्त स्टिकरं उरली होती. पण लॅपटॉप उघडाच होता, आणि हिनेक म्हणाला तसं, पुसायच्या आधी बघायचं असतं. लुबोरला एक सवय होती. दिवसभरात जे काही सुचेल, आठवेल, करायचं असेल, ते एका साध्या फाइलमध्ये लिहायचं, वेळ घालून, एकेक ओळ. दुकानातून काय आणायचं तेही तिथेच. तिनं ती फाइल उघडली आणि थेट तळाशी गेली.

शेवटून दुसरी ओळ होती: "१०.३३. टेस्ट २०७ लाल येणार. माझ्या बाजूनं होणार नाही."

शेवटची ओळ होती: "१०.४८. इलोनाला विचारायचं: ज्यानं काहीच सांगितलेलं नाही, त्याचं काय धरायचं? तुझ्याकडे कुणी आधीच मधला धरून ठेवलाय का?"

त्याखाली काही नव्हतं.

इलोनानं ओळ वाचली. पुन्हा वाचली. १०.४८. मग तो उठला असणार, बोळातून चालत आला असणार आणि चौकटीला टेकला असणार.

"गाढवा!" ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की खिडकीजवळची दोन माणसं वळली. "अरे गाढवा! कोड विचारायला आला होतास?"

हिनेक उठून आला. त्यानं ओळ वाचली, वेळ वाचली, पण त्याला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

"मी त्याला पाच मिनिटं म्हणाले होते," इलोना म्हणाली. "त्या शनिवारी. दाराशी आला होता, आणि मी बघितलंसुद्धा नाही. मला वाटत होतं की... मला इतके दिवस वाटत होतं, दुखतंय म्हणून आला होता."

हिनेकनं कुंडीचं टेबल थोडं सरकवलं आणि त्याच्या कडेवर बसला. 

"मी माझ्या बायकोला तीस वर्षं पाच मिनिटं म्हणत आलोय," तो म्हणाला. "ती येते आणि उभी राहते. का, ते मला अजून माहीत नाही. विचारलंच नाही कधी."

"विचार."

"विचारतो."

दुखत होतं का तेव्हा, हे त्या ओळीत नव्हतं. कदाचित दुखत असेलही. कदाचित प्रश्न विचारून झाल्यावर, जाता जाता, त्यानं सांगितलं असतं. इलोनाला खूप राग आला होता, त्याच्यावर, आणि राग येतोय हे तिला जाणवत होतं, गालावरचं इंजेक्शन उतरायला लागलं की पहिल्यांदा मुंग्या येतात तसं. मग तेही ओसरलं. पण प्रश्न होता, आणि प्रश्न तिलाच विचारलेला होता.

ती आपल्या मशिनवर बसली. प्रत्येक कामाला दोन आकडे असतात, एक प्रोसेसरसाठी आणि एक डिस्कसाठी. दुसरा आकडा बहुतेक कामं कधी सांगतच नाहीत. तेव्हा तिथे शून्य राहतं, आणि शून्याचा अर्थ असा की मला स्वतःहून काही मागायचं नाही, माझा पहिला आकडा बघा आणि तुम्हीच ठरवा. लुबोरची बाजू तसंच करायची. मग शून्य त्याच्यापर्यंत पोचत का नव्हतं? इलोना आपल्या कोडमध्ये मागे मागे जात राहिली. नवं काम जिथे जन्माला येतं तिथपर्यंत गेली. तिथे तीन ओळी होत्या, आणि त्यांच्यावर एक टीप. "काहीच सांगितलं नसेल तर मधला धरा. बहुतेक चालेल."

टीप तिचीच होती. अकरा वर्षांपूर्वीची. काट्यानं डिस्कबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं, म्हणून या तीन ओळी त्याला जन्मतःच मधला करून टाकत होत्या. पुढे तो कितीही महत्त्वाचा ठरला तरी लुबोरच्या दारात पोचायचा तो मधला म्हणूनच. आणि लुबोर बिचारा जे हातात येईल ते प्रामाणिकपणे मानत होता. टिपेखाली तिची सही होती. सहीच्या वर, तपासणाऱ्याच्या जागी, लुबोरचं नाव होतं. त्यानं हे डोळे झाकून पास केलं होतं. तेव्हा लग्नाला सहा आठवडे झाले होते.

बहुतेक चालेल. 

मग तिनं तिन्ही ओळी काढल्या आणि त्यांच्या जागी एकच घातली. ज्यानं काही सांगितलेलं नाही त्याचं शून्य तसंच राहू द्यायचं. त्याची पाळी येईल त्या क्षणी, प्रत्येक वेळी नव्यानं, तो आत्ता किती महत्त्वाचा आहे ते बघायचं. आधी धरून चालायचं नाही. हिनेकनं टेस्ट लावल्या आणि या वेळी दोघंही पडद्यासमोरून हलले नाहीत. तीनशे बारा हिरव्या आल्या.

"थांब, आज पाठवू नकोस," हिनेक म्हणाला. "डेअरीत चढवून बघू. मी नवा कर्नल तयार करून देतो त्यांना. उद्या बारा वाजता कळेलच."

शुक्रवारी पावणेबारापासून हिनेक घड्याळाकडे बघत होता. इलोना स्टिकरं काढत होती. या वेळी तिनं पेट्रोल आणलं होतं. बारा वाजले, बारा पाच झाले. बारा अकराला ईमेल आली, लुबोरच्या पत्त्यावर, म्हणून ती त्याच्याच लॅपटॉपवर वाजली.

"महाशय, बारा वाजले आणि काटा थांबला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. ड्रायव्हर आत येऊन मला विचारून गेले, आज काय झालं. मी सांगितलं, ब्र्नोमध्ये एक माणूस आहे, त्याला मी छळत होते. तुम्ही माझं एकही पत्र दुर्लक्षित केलं नाहीत. एप्रिलनंतर तुमचं उत्तर नाही, तेव्हा मी रागावले होते, ते मागे घेते. झेझुलोवा."

हिनेक खिडकीबाहेर बघू लागला.

इलोनानं आपल्या पत्त्यावरून उत्तर लिहायला घेतलं. लुबोर गेला, एप्रिलमध्ये, असं लिहिलं. चूक त्याच्या बाजूला नव्हती, असंही लिहिलं. पुढे काही सुचेना, म्हणून आभार मानून पाठवून दिलं. मग पॅच पूर्ण केला. तळाशी स्वतःची सही घातली. पण सहीच्या वर आणखी एक ओळ घालायची रीत असते, आणि ती लिहिणाऱ्यानंच घालायची असते. चूक ज्यानं दाखवून दिली त्याचं नाव तिथे येतं, आणि त्यासाठी त्याची सही लागत नाही. तिथे तिनं दोन नावं घातली. एक झेझुलोवा बाईंचं, एक लुबोरचं. तारीख आजचीच ठेवली.

पॅचमध्ये ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना ईमेलची प्रत आपोआप जाते. ती पत्त्यांची यादी पाठवण्याआधी एकदा समोर येते, नको असलेला पत्ता काढता येतो. इलोनानं यादी पाहिली आणि पाठवा म्हटलं. समोर पेट्रोलचा वास येणारा, कोऱ्या झाकणाचा लॅपटॉप पुन्हा एकदा वाजला. तिनं तो न बघताच मिटला, वायर गुंडाळली आणि खाली नेऊन दिला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तांपेरेहून उत्तर आलं. ओस्मो कधी दोन शब्दांच्या वर जात नसे. आज त्यानं लिहिलं होतं: "घेतलं. नाव यादीत बघून बरं वाटलं."

रविवारी इलोनानं बाजारातून आणलेली आलुबुखारं धुतली. बटाटे आदल्या दिवशीच उकडून ठेवले होते. तिनं पीठ मळलं, गोळे वळले, एकेकात फळ बसवून तोंड बंद केलं. रेडिओ लावला नाही. कंबर दुखायला लागली तेव्हा तिला जाणवलं की दुखतंय. ओट्यावर गोळे ओळीनं मांडून झाल्यावर तिनं मोजले, तर बावीस होते, नेहमीइतकेच. ती थोडा वेळ हात पुसत उभी राहिली आणि मग तिनं पाणी उकळायला ठेवलं. तिनं पाच खाल्ले, लोणी-साखर आणि भरपूर खसखस घालून. पाचही संपवले. उरलेले सतरा डब्यात भरले.

सोमवारी सकाळी सहा नंबरच्या ट्राममध्ये तिनं पिशवी मांडीवर धरली होती. ऑफिसात शिरली तेव्हा हिनेक फोनवर कुणाशी तरी भांडत होता. तिच्या हातातला डबा दिसल्यावर त्यानं फोन ठेवून दिला. खिडकीजवळच्या दोघांनीही बघितलं. 

"तुझ्या बाजूला होतं तर," हिनेक म्हणाला.

"माझ्या बाजूला होतं."

"आण इकडे. खसखस कंजूषपणे घातलीस का बघू दे."

हिनेक नेहमीसारखा एका हातानं डबा घ्यायला गेला, आणि मग त्याला दुसरा हात खाली लावावा लागला.